वीज टॉवरजवळ पडते, यंत्र खोलीत जळते

विदर्भ-मराठवाड्यात वळीव येतो तो विजा घेऊनच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप अशा वेळी माणसांना सावध करते. मोबाइल टॉवरला किंवा ग्रामपंचायतीतल्या इंटरनेटच्या पेटीला मात्र आडोशाला पळता येत नाही. त्यांची भिस्त सर्ज प्रोटेक्टरवर, आणि तो निवडताना बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात: किंमत आणि किलोअँपिअरचा आकडा. ही पद्धत घातक आहे.

प्रोटेक्टरमधल्या गॅस ट्यूबचेच पाहा. विजेचा लोंढा पचवण्यात तिचा हात कोणी धरत नाही. बोटाच्या पेराएवढी नळी दहा-वीस हजार अँपिअर क्षणात जमिनीकडे वळवते. पण पेटायला तिला थोडा अवधी लागतो. एरवी 230 व्होल्टला पेटणारी नळी झटका फार वेगाने चढला तर 500 व्होल्टही ओलांडू देते, आणि पलीकडची नाजूक चिप तेवढ्यातच जाते. शिवाय टेलिकॉमच्या 48 व्होल्ट डीसी पुरवठ्यावर एकदा पेटलेली नळी विझेलच असे नाही.

झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर चपळ असतो, मात्र प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक झिजतो. त्याचा कपॅसिटन्सही मोठा, त्यामुळे वीजपुरवठ्याच्या तारेवर तो चालतो, वेगवान डेटाच्या तारेवर सिग्नल बिघडवतो. टीव्हीएस डायोड सर्वांत जलद, पण मोठा लोंढा त्याला झेपत नाही.

म्हणून डेटाच्या तारेवर जाणकार जोडी लावतात. आधी गॅस ट्यूब, शेवटी कमी कपॅसिटन्सचा डायोड, मध्ये छोटा रेझिस्टर. डायोड आधी जागा होतो, त्याचा प्रवाह रेझिस्टरमधून जाताना व्होल्टेज वाढते आणि तेच गॅस ट्यूबला पेटवते. मग मोठा भार तिच्याकडे जातो. ही सांगड नसेल तर महागडा डायोडही पहिल्याच वादळात जळू शकतो.

आता सगळीकडे फायबर आले, मग भीती कसली, असे अनेकांना वाटते. काच वीज वाहत नाही हे खरे. पण फायबरच्या यंत्राला वीजपुरवठा तांब्याच्या तारेतूनच होतो, काही केबलना पोलादी चिलखत असते, आणि टॉवरच्या माथ्यावरच्या रेडिओ युनिटपर्यंत फायबरसोबत डीसी केबलही चढते.

किलोअँपिअरच्या आकड्यांतही मेख आहे. 8/20 मायक्रोसेकंदांच्या चाचणी-लाटेवर मोजलेले 20 किलोअँपिअर आणि 10/350 च्या लाटेवर मोजलेले 20 किलोअँपिअर एक नव्हेत. दुसऱ्या लाटेत विद्युतभार वीसपटीहून अधिक असतो. जोडणीची तारही तितकीच महत्त्वाची. झटक्याचा प्रवाह दहा मायक्रोसेकंदांत दहा हजार अँपिअरवर गेला, तर एक मीटर तारेवरच सुमारे हजार व्होल्ट उभे राहतात. नीटनेटके दिसावे म्हणून वेटोळी घातलेली लांब तार चांगल्या प्रोटेक्टरचे काम मातीत घालवते.

प्रोटेक्टर खरेदीच्या निविदेत यापुढे झटका अडवल्यानंतर यंत्रापर्यंत किती व्होल्टेज पोहोचते, हे आधी विचारले जावे. डेटा-टेलिफोनच्या तारांसाठी आयईसी 61643-21 आणि वीजपुरवठ्यासाठी आयईसी 61643-11 ही मानके आहेत. त्यांनुसारची चाचणी कागदावर मागावी, लाटेच्या उल्लेखासह. मार्च संपण्याआधी अर्थिंग तपासणे, प्रोटेक्टरच्या खिडकीतली हिरवी खूण लाल झाली असेल तर तो बदलणे, हे काम कोणाचे आणि पैसे कोणत्या तरतुदीतून, हेही त्याच निविदेत लिहिलेले असावे.