स्पीकर चांगला, पण खोलीचे काय?

हेडफोन डोक्यावर टिकू न देणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाची श्रवणचाचणी स्पीकरवरून घेतात. आवाज आला की मूल मान वळवते. पण यंत्रावर ४० डेसिबल दिसले म्हणजे कानाशी तेवढेच पोहोचले, असे नव्हे. भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात. १००० हर्ट्झच्या सुराची लहर जेमतेम ३४ सेंटीमीटरची. डोके वीतभर हलले तरी आवाज कमी-जास्त होतो. म्हणून किंचित हेलकावणारा सूर वापरतात. तरीही मूल बसते त्याच जागी ध्वनिमापक ठेवून पडताळणी हवीच. महागडे यंत्र घेऊन हे टाळणे ही कसली काटकसर? शिवाय स्पीकरचा आवाज दोन्ही कानांत जातो. एक कान बहिरा असला तरी मूल प्रतिसाद देऊ शकते. ‘ऐकू येते’ असा शेरा देताना पालकांना एवढे तरी स्पष्ट सांगावे.