वेग ड्रिलचा, हिशेब पाण्याचा

भिंगारची छावणी ओलांडून नगर तालुक्यातील कोणत्याही रस्त्याला लागावे. उन्हाळ्याच्या तोंडावर बोअरच्या गाड्यांची घरघर कानी पडतेच. विहीर आटली की तिच्या तळाशी यंत्र उतरवून कातळात आडवे बोअर मारायचे, तेही कोरडे गेले की शेजारी उभे बोअर घ्यायचे, हा पर्जन्यछायेतील या भागाचा शिरस्ताच झाला आहे. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हॅमरने काळ्या पाषाणातही दिवसभरात शेकडो फूट खाली जाता येते. हा वेग नेमका कोणाच्या हिताचा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

वेगाचे हेच गणित तेलक्षेत्रात वेगळे आहे. १९७४ मध्ये सापडलेल्या आणि १९७६ पासून उत्पादन देणाऱ्या 'बॉम्बे हाय'मध्ये चुनखडीच्या थरांतून तेल काढण्यासाठी आडव्या विहिरींचा आधार घेतला गेला. थराच्या लांबीने गेलेली विहीर उभ्या विहिरीपेक्षा कितीतरी अधिक खडकाला भिडते. परंतु आडव्या भोकात पाइप खालच्या अंगाला घासत राहतात, वरून दिलेला भार ड्रिलच्या टोकापर्यंत पुरता पोहोचत नाही आणि खडकाचा चुरा तळाशी साचतो. चुरा बाहेर काढण्याआधीच वेग वाढवला, तर पाइप अडकून कित्येक दिवस वाया जातात. म्हणून तेथे ताशी किती मीटर खोदले यापेक्षा विहीर एकूण किती दिवसांत पूर्ण झाली, याला महत्त्व असते.

फरकाचे मूळ मोबदल्याच्या पद्धतीत आहे. भाड्याने घेतलेल्या तेलाच्या रिगचे पैसे सहसा दिवसावर मोजले जातात. वाचलेला दिवस म्हणजे कंपनीचा वाचलेला पैसा. बोअरची गाडी मात्र फुटावर पैसे घेते. जितके खोल, तितके बिल. पाणी लागो वा न लागो, बिल शेतकऱ्यालाच चुकवावे लागते. वेगाचा लाभ गाडीवाल्याला आणि जोखीम कर्जबाजारी कुटुंबाला, अशी ही विषम वाटणी आहे.

त्यातच दख्खनचा बेसाल्ट पाणी साठवण्यात कंजूष. पाणी मुख्यत्वे झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधील सांध्यांत सापडते. खोलवरच्या भेगांतील पाणी हे बहुधा वर्षानुवर्षांच्या मुरण्याचे संचित असते. ते उपसायला एक हंगाम पुरतो, भरून यायला अनेक पावसाळे लागतात. आडवे बोअर नवे पाणी निर्माण करीत नाही. ते कोठून ओढायचे एवढेच ठरवते. एका विहिरीला फुटलेला पाझर कित्येकदा शेजारच्या विहिरीचाच असतो.

याच नगर परिसरात निजामशाहीच्या काळी खापरी नळांनी जमिनीखालून पाणी शहरात आणले जाई. उताराने येईल तेवढेच पाणी मिळत असल्याने त्या व्यवस्थेला निसर्गाची मर्यादा आपोआप होती. आजच्या यंत्रांना ती नाही, म्हणून कायद्याने घालावी लागते. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल अधिनियमाने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रांत बंदीची आणि खोदाई यंत्रांच्या नोंदणीची तरतूद केली. पण गाडी रात्रीत येऊन पहाटे निघून जात असेल, तर कागदावरील तरतूद तिला कशी अडवणार?

उत्तर फार दूर नाही. नगर तालुक्यातच हिवरेबाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि पडलेल्या पावसाच्या प्रमाणात पिके ठरवण्याचा, पाण्याच्या ताळेबंदाचा मार्ग धरला. तेथे आधी साठा मोजला जातो, मग खर्च ठरतो. तेलक्षेत्रातही साठ्याचा अंदाज बांधल्यावरच ड्रिल खाली उतरते. हा क्रम उलटवून केवळ वेग वाढवला, तर कोरड्या भोकांपर्यंत अधिक लवकर पोहोचण्यापलीकडे हाती काय लागणार?