आधी तपासणी, मग मशीन

आमच्या वस्तीतले एक गिरणी कामगार आजोबा विहारात वंदनेला येईनासे झाले. लोक म्हणाले, म्हातारा घमेंडखोर झाला. खरे तर साचाखात्याच्या खडखडाटात तीस वर्षे काढून त्यांचे कान अधू झाले होते. मुलाने दुकानातून कानाचे मशीन आणले. ते सारखी शिट्टी वाजवी. आजोबांनी ते डब्यात टाकले.

बंधू-भगिनींनो, चष्म्यासारखे मशीनही तपासणी करूनच घ्यावे. आधी डॉक्टरांकडून कानातला मळ, पू, पडदा तपासून घ्या; मग ऑडिओमेट्री. कानातला मोल्ड सैल असला की शिट्टी वाजते. आवाज जुळवून घ्यायला पुन्हा पुन्हा जावे लागते. तपासणीशिवाय मशीन विकणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून उठावे.

पैशाअभावी थांबू नका. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना मशीन मोफत मिळते. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला लागतो. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. हा आपला हक्क आहे, मागायला लाजू नका.

आणि बापाला घुम्या म्हणण्याआधी त्याचे कान तपासून घ्या.