मिटलेली जखम बरी झाली आहे का? मधुमेही पायासाठी नवी चाचणी

मधुमेही रुग्णाच्या तळपायावरील व्रण भरून आला आणि पट्टी सुटली की उपचार संपले, असे रुग्ण व कुटुंबीय मानतात. प्रत्यक्षात धोक्याचा मोठा टप्पा तेथूनच सुरू होतो. भरलेल्या व्रणांपैकी सुमारे ४० टक्के व्रण वर्षभराच्या आत पुन्हा उद्भवतात आणि पाय कापावा लागण्याची वेळ बहुधा अशा वारंवार होणाऱ्या जखमांमुळेच येते.

याचे एक कारण ‘बरे होणे’ या शब्दाच्या प्रचलित अर्थात आहे. त्वचा जुळली, स्राव थांबला, पट्टीची गरज उरली नाही आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तसेच दिसले, की जखम मिटली असे अमेरिकेचे औषध नियामक मानतात. हे सर्व निकष डोळ्यांनी पाहण्याचे आहेत. त्वचेचा वरचा थर दिसायला अखंड असला तरी आतून दुबळा असू शकतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीतून चालणाऱ्या ‘डायबेटिक फूट कन्सॉर्शियम’ने नेमका हाच दुबळेपणा मोजण्याचा प्रयत्न केला. निरोगी त्वचा शरीरातील पाणी धरून ठेवते, दुबळ्या त्वचेतून ते बाष्परूपाने निसटते. त्वचेवर टेकवायचे छोटे उपकरण ही गळती रुग्णाच्या खाटेपाशीच मोजते. रक्ताचा नमुना किंवा प्रयोगशाळा लागत नाही. जखम मिटताना ज्यांची गळती अधिक होती, त्यांच्यापैकी ३५ टक्के रुग्णांत १६ आठवड्यांत व्रण परतला. गळती कमी असलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते.

फरक दुपटीचा आहे, पण तो निर्णायक म्हणता येणार नाही. गळती जास्त असूनही बहुसंख्य रुग्ण त्या काळात सुरक्षित राहिले आणि कमी गळतीच्या गटातही साधारण सहापैकी एकाला पुन्हा जखम झाली. कमी आकडा पाहून विशेष पादत्राणे सोडण्याची मुभा देणे त्यामुळे घातक ठरेल.

जैवसूचक चाचण्यांचा याआधीचा अनुभवही बोलका आहे. जखमेतील प्रथिने विघटित करणारी विकरे वाढली आहेत का, हे पंधरा मिनिटांत सांगणारी चाचणी काही वर्षांपूर्वीच बाजारात आली. तरीही या विकरांना आवर घालणाऱ्या सुक्रोज ऑक्टासल्फेटच्या पट्टीची २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली युरोपीय चाचणी रुग्णांची निवड त्या आधारे न करताच यशस्वी ठरली. २० आठवड्यांत ४८ टक्के जखमा भरल्या, तर साध्या पट्टीने ३० टक्के. निदानाने उपचार बदलत नसेल, तर डॉक्टर ते मागवत नाहीत.

भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर आहे, असे आयसीएमआरच्या २०२३ मधील अभ्यासाने दाखवले. येथे आणखी एक अडचण संभवते. पाण्याच्या गळतीचा आकडा हवेतील तापमान व आर्द्रतेनुसार बदलतो. मोजणीपूर्वी रुग्णाला नियंत्रित हवेच्या खोलीत काही वेळ बसवावे लागते. मे महिन्यातले नागपूर आणि जुलैतले कोची यांना अमेरिकेत ठरलेली मर्यादा जशीच्या तशी लावता येणार नाही. अनवाणी चालून जाड झालेल्या, भेगाळलेल्या टाचांवरही ती पारखून घ्यावी लागेल. हे काम येथील वैद्यकीय महाविद्यालयांनीच करायला हवे.

त्यानंतर काय करायचे, हे भारताला नवे नाही. संवेदना हरपलेल्या पायावर दाब पडत राहिल्यानेच जखमा होतात, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर उपचार करताना दाखवून दिले होते. पायावरचा भार वाटून देणारा प्लास्टरचा साचा आणि मऊ रबरी तळव्याची चप्पल या उपायांची परंपरा तेथून जगभर गेली. आज मात्र तशी चप्पल अनेक जिल्हा रुग्णालयांत सहज मिळत नाही आणि रोजंदारीवरचा रुग्ण जखम मिटल्यावर मजुरी बुडवून तपासणीला येत नाही. उपकरणे घेण्याच्या प्रस्तावासोबत पादत्राणे बनवणाऱ्या कारागिराचे पद आणि रुग्णाचा प्रवासखर्चही मंजूर होतो का, हे आरोग्य विभागांना आधी ठरवावे लागेल.