उघडी दारे, निर्धोक रस्ते

चिनी भाषेत एक वाक्प्रचार आहे : वाटेवर पडलेली वस्तू कोणी उचलत नाही आणि रात्री कोणी दाराला कडी घालत नाही. सुराज्याचे याहून आटोपशीर वर्णन मला ठाऊक नाही. पण त्यातल्या दोन चित्रांमागे दोन निरनिराळे विचार आहेत. उघड्या दारांची कल्पना ‘लीजी’ या कन्फ्यूशियन ग्रंथात येते. तेथे वृद्ध, विधवा आणि अनाथ यांचा सांभाळ सारा समाज करतो, म्हणून चोरीचे कारणच उरत नाही. सिमा छियानच्या इतिहासात मात्र पडलेली वस्तू न उचलणारी प्रजा शांग यांगची आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात या मंत्र्याने छिन राज्यातील कुटुंबांचे गट बांधले आणि शेजाऱ्याचा गुन्हा न कळवणाऱ्यास देहदंड ठेवला. दहा वर्षांत रस्ते निर्धोक झाले!

जबलपूरला ही दुसरी वाट परकी नाही. मिर्झापूरहून नागपूरकडे जाणारा प्रवासी येथून जाई आणि ठगांच्या हाती सापडे. १८३५ साली ठगांच्या बंदोबस्ताचा प्रमुख झालेल्या स्लीमनने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर टोळ्या मोडल्या. रस्ते सुरक्षित झाले, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. जवळच्या स्लीमनाबादला त्याचे नावही आहे. परंतु १८३६ च्या तिसाव्या कायद्याने विशिष्ट खून शाबीत करण्याची गरज ठेवली नाही. माणूस कधीकाळी टोळीत होता, एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. मग ते कायद्याच्या आधीचे का असेना.

कृत्याऐवजी माणसाची जातकुळी पाहण्याचा हा विचार १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पूर्णत्वास गेला. तेथे जन्मच पुरावा ठरला. आम्हा प्रशासकांना ही वाट सोयीची वाटते, कारण अटकांचा आणि शिक्षांचा तक्ता मांडता येतो. शेजाऱ्यावरच्या विश्वासासाठी अहवालात रकाना नसतो. शिवाय पहाऱ्याची किंमत, अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, लाभ घेणाऱ्या प्रवाशावर पडत नाही. ती पडते ठाण्यात हजेरी लावणाऱ्या पारध्याच्या मुलावर. तो कायदा १९५२ साली गेला. तरीही विमुक्त जमातींच्या कैद्यांना सराईत गुन्हेगार समजणारे तुरुंगांचे नियम रद्द करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साल उजाडावे लागले.

शांग यांगचे पुढे काय झाले, तेही सिमा छियानने नोंदवले आहे. राजा बदलला आणि त्याच्यावर पळून जाण्याची वेळ आली. वाटेतल्या धर्मशाळेच्या मालकाने त्याला ओळखले नाही. ओळखीच्या पुराव्यावाचून कोणाला आसरा देऊ नये, हा शांग यांगचाच कायदा सांगून त्याने त्याला दारातूनच परत पाठवले.