टँकर मागे फिरतो तेव्हा

खोटं कशाला सांगू, २०१५च्या मे महिन्यात मी 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' पाहायला गेलो तो एसीच्या हवेसाठी. नागपूरजवळ वाडीला माझं टँकर बांधायचं वर्कशॉप आहे. मे महिन्यात दुपारी बारानंतर पत्र्याला हात लावायची सोय नसते. शटर ओढलं, आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला सोबत घेतलं आणि थेटरात जाऊन बसलो. पडद्यावर पाहतो तर तिथंही ऊन, धूळ आणि मधोमध टँकर. मिस्त्री कानाशी लागला, "भाऊ, पैसे देऊन परत वाडीलेच आनलं का मले?"

त्या टँकरचं नाव वॉर रिग. खाली चेक बनावटीची टाट्रा, वर जुन्या शेवरोलेचं धूड. टाट्राच्या गाड्या आपल्या लष्करातही आहेत. गाडी रिकामी असली की तिची चाकं खालून आत झुकलेली दिसतात, त्यामुळे ताफा चालला की मी रस्त्याकडेला उभा राहून पाहतोच. खलनायकाच्या गाडीत तर १९५९च्या दोन कॅडिलॅक एकीवर एक चढवलेल्या. मिस्त्रीला कथा कळली नसेल, पण त्या जोडकामावर तो खूश होता.

संगणकाचं काम त्यात भरपूर आहे. ते वाळूचं वादळ आणि शार्लीझ थेरॉनचा तुटका हात संगणकाचाच. पण गाड्या नामिबियाच्या वाळवंटात खरोखर धावल्या, आणि त्यांच्यावर उभारलेल्या डुलत्या खांबांना माणसंही खरीच लटकली होती. मल्लखांब ट्रकवर चढवला तर दिसेल, तसं. आपल्या सिनेमात गाडी पतंगासारखी उडते; पडली तरी जमिनीला कळत नाही. इथं प्रत्येक गाडीला वजन आहे. या सिनेमाला सहा ऑस्कर मिळाले, पण स्टंटसाठी एकही नाही, कारण तेव्हा तसा पुरस्कारच नव्हता. २०२७मध्ये येणाऱ्या सिनेमांपासून तो सुरू होतोय म्हणे. उशीर झाला, पण ठीक.

माझं म्हणणं मात्र वेगळंच आहे. टँकरच्या पोटात आम्ही भोकं पाडलेले आडवे पडदे वेल्ड करतो. ते नसले तर ब्रेक दाबताच आतलं पाणी पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं. भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला जास्त दगा देतो. त्यामुळे टँकर पळवणाऱ्याचं मला कौतुक नाही, वळवणाऱ्याचं आहे. लोक या सिनेमाला 'दोन तासांचा पाठलाग' म्हणतात. मला त्यातला सगळ्यात मोठा स्टंट वाटतो तो टँकर मागे फिरवण्याचा.

थेरॉनची फ्युरिओसा खलनायकाच्या पाच बायकांना घेऊन पळते ती लहानपणीच्या हिरव्या जागेकडे. तिथं पोचते तर त्या जागेची दलदल झालेली. पुढे नुसतं मिठाचं वाळवंट. तेव्हा मॅक्स म्हणतो, जिथून निघालो तिथंच चला. पाणी तिथंच आहे, फक्त कॉक त्या खलनायकाच्या, एका माणसाच्या हातात आहे. तो माणूस कड्यावरून घटकाभर पाणी सोडतो, खाली माणसं भांडी घेऊन एकमेकांना तुडवतात, आणि वरून तो उपदेश करतो की पाण्याची चटक लावून घेऊ नका.

जगबुडीनंतरची गोष्ट म्हणे! २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याआधी तिथल्या पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावली होती. २०१९च्या जुलैत तोतलाडोह आटला आणि नागपुरात एक दिवसाआड नळ कोरडे राहू लागले. माझ्याकडे ऑर्डरी वाढल्या. धंदा झाला, हे नाकारत नाही. पण ज्या गावात टँकर जास्त खपतात, त्या गावात कॉक कोणाच्या हातात आहे हे कोणी विचारत नाही. मुलाला पुण्याला पाठवायची घाई मात्र सगळ्यांना असते.

सिनेमा सुटल्यावर मिस्त्री वाडीपर्यंत गप्प होता. नाक्यावर म्हणाला, "पानी तं त्यायच्या गावातच होतं नं? मंग गेल्या काहून होत्या?"

माझा पुतण्याही हिरव्या जागेच्या शोधात पुण्याला गेला, फ्लॅट घेतला. परवा त्याचा फोन आला. "काका, आमच्या सोसायटीला रोज टँकर लागतो. स्वतःचाच घेतला तर? दहा हजार लिटरचा केवढ्याला पडेल?"