बोलेल हळूहळू!

"बाप तीन वर्षांनी बोलला, मुलगाही बोलेल हळूहळू." हे वाक्य आपल्या घराघरांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याला वेदवाक्याची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. आजी ते म्हणते, शेजारीण म्हणते, आणि खेदाची गोष्ट ही की, पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात. जीभ जड आहे, मुलगे उशिराच बोलायचे, घरात एकटा आहे म्हणून, शाळेत घाला म्हणजे आपोआप सुटेल, ही सारी त्याच वाक्याची भावंडे. त्यांत माया आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या मायेपोटी मुलाच्या वयाचे जे महिने जातात, ते कोणत्याही मायेने परत आणता येत नाहीत.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात जेवढे तथ्य आहे तेवढे आम्ही प्रथमच मान्य करतो. दुसऱ्या वाढदिवसाला मोजकेच शब्द बोलणारी पुष्कळ मुले पुढे वर्ष-दोन वर्षांत इतरांच्या बरोबरीला येतात, हे खरे आहे. पण कोणते मूल आपोआप बरोबरीला येणार आणि कोणते येणार नाही, हे आजीच्या मांडीवर बसून ठरत नसते. जे येणार होते त्याची तपासणी केली तर एक दुपार खर्ची पडते. जे येणार नव्हते त्याची केली नाही तर त्याची सर्वांत घडणशील वर्षे खर्ची पडतात. हा हिशेब लेखापरीक्षण करणाऱ्या आमच्या वाचकांस अधिक फोड करून सांगावा लागू नये.

तपासायचे ते गूढ नाही. १२ महिन्यांच्या मुलाने बा-बा, दा-दा अशी बडबड करावी, हाक मारली असता वळावे, हवे त्याकडे बोट दाखवावे. १६ महिन्यांपर्यंत एखादा तरी अर्थाचा शब्द यावा. २ वर्षांपर्यंत 'आई ये', 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडी त्याने स्वतः जुळवावी. आपण म्हटलेले तसेच परत म्हणणे यात धरायचे नाही. आणि आलेले शब्द किंवा आलेली नजरानजर जर मावळू लागली, तर वय कोणतेही असो, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

यांतही पहिली परीक्षा कानाची. इथे आमचे लोक एक घरगुती प्रयोग करतात: मुलाच्या पाठीमागे ताट वाजवतात, मूल वळते, आणि कान उत्तम आहेत असा निकाल लागतो. ताटाचा दणका ऐकू येणे वेगळे आणि 'स', 'त', 'क' यांतला भेद ऐकू येणे वेगळे. पडद्यामागे साचलेल्या पाण्याने किंवा अर्धवट बहिरेपणाने ऐकणाऱ्या मुलाला गोंगाट पोचतो, भाषा पोचत नाही. तेव्हा 'बेरा'सारखी रीतसर तपासणी झाल्यावाचून ताटावर विसंबणे हा निव्वळ आत्मघात आहे. आणि त्यातला घात आपला नसून मुलाचा आहे.

आता आमच्या वाचकांच्या घरात शिरलेल्या दुसऱ्या एका सल्ल्याविषयी. परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबातले मूल बोलले नाही की, कोणी शहाणा गृहस्थ सांगतो: "त्याच्या डोक्यात गोंधळ होतो आहे. घरी मराठी, कामवाली छत्तीसगढी, शेजारी हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठी बंद करा." आणि आज्ञाधारक आई त्या दिवसापासून आपल्या लेकराशी मोडक्या हिंदीत किंवा त्याहून मोडक्या इंग्रजीत बोलू लागते. या सल्ल्याला शास्त्राचा काडीइतका आधार नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने भाषाविकार जडत नाही. अशा मुलाचे शब्द मोजायचे असतील तर सर्व भाषांतले मिळून मोजावेत, एवढेच पथ्य. स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असलेली मुलेसुद्धा दोन भाषा शिकू शकतात, हे वारंवार दिसून आले आहे. उलट भाषा काढून घेतल्याने काय होते ते पाहा. मुलाशी बोलताना जी भाषा आईच्या तोंडून न अडखळता येते, जिच्यात तिला रागावता येते, लाडावता येते, चिऊ-काऊची गोष्ट सांगताना आवाज बदलता येतो, तीच आपण तिच्याकडून हिरावतो. आजोबा-आजी मुके होतात. मुलाला मिळणारे बोलणे वाढायचे ते निम्म्यावर येते, आणि उरते तेही परीक्षेच्या प्रश्नांसारखे: "हा रंग कोणता? हे काय आहे? म्हण, म्हण ना!"

वाणीतज्ज्ञ आठवड्यातून एक-दोन तास मुलाला भेटणार. उरलेले ऐंशी-नव्वद जागेपणीचे तास मूल घरच्यांच्या सहवासात असते. म्हणून खरा उपचार आईबापांना शिकवण्याचा आहे: मूल पाहते आहे त्याच वस्तूचे नाव घ्यावे, एका वाक्यात थोडेच शब्द ठेवावेत, केळे आणि बिस्किट दोन्ही समोर धरून थांबावे, आणि त्याच्या नजरेला, बोटाला, अर्ध्या उच्चारालाही उत्तर समजावे. हे थांबणेच आम्हांस जमत नाही. हातात दूरध्वनीचा पडदा देऊन मूल शांत बसवणे जमते, कारण तो पडदा कधीच उत्तराची वाट पाहत नाही.

अधिकारी वर्गाची आणखी एक खोड आहे. ती स्पष्टच सांगतो. आपल्याला प्रवासभत्त्याचे पोटकलम तोंडपाठ असते. परंतु ज्या केंद्रीय कर्मचाऱ्याच्या अपत्यास दिव्यांगत्व आहे आणि जो त्याची मुख्य देखभाल करतो, त्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते, असा कार्मिक विभागाचा आदेश जून २०१४ मध्ये निघाला, हे किती जणांस ठाऊक आहे? ज्यांस ठाऊक आहे त्यांतलेही कित्येक अर्ज करीत नाहीत, कारण अर्ज केला की कार्यालयात कळेल, आणि कळले की मुलावर शिक्का बसेल. मग तीन वर्षांनी बदली येते; रायपूरला कशीबशी जुळलेली उपचाराची घडी विशाखापट्टणला मोडते आणि कटकला पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लोकापवादाच्या भीतीने मुलाचा हक्क सोडून देण्याचा अधिकार बापाला कोणी दिला?

येथवर आम्ही आपल्या वसाहतींपुरते बोललो. पण आपल्यापैकी पुष्कळांची कार्यालये रायपुरात असून, त्यांच्या फायलींतून भनपुरी, बिरगाव, उरला, सिलतरा ही कारखान्यांची रांग नित्य येत-जात असते. उरला हे नाव मराठी कानाला उगाचच टोचते. जो मागे राहिला तो उरला. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिली, छपरांवर बसणारी काळी भुकटी, आणि त्यांच्या सावलीत मजुरांच्या खोल्या. छत्तीसगढी, ओडिया, भोजपुरी बोलणारी कुटुंबे. बाप पाळीवर, आई रोजंदारीवर, आणि दीड वर्षाचे मूल सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ते मूल बोलत नसले तर ते कोणाच्या लक्षात यावे?

सरकारी उत्तर तयार आहे, आणि कागदावर ते उत्तम आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला; छत्तीसगढात त्याला 'चिरायु' म्हणतात. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चारही गोष्टी शोधण्यासाठी फिरत्या पथकाने प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जावे आणि शंकित मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, वाणी व श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक एका छपराखाली असावेत, असेही लिहिले आहे.

आता मेख कुठे आहे ती पाहा. अंगणवाडीत रोज येऊन बसते ते तीन वर्षांवरचे मूल. तीन वर्षांखालच्या मुलासाठी घरी नेण्याचा आहार मिळतो; तो आईने किंवा बहिणीने नेला की काम संपले. म्हणजे भाषेच्या दृष्टीने जो काळ सर्वांत मोलाचा, नेमका त्याच काळात मूल अंगणवाडीच्या उंबऱ्याबाहेर असते. त्याचे वजन होते, उंची मोजली जाते, दोन्ही आकडे यंत्रात भरले जातात. त्याचे शब्द कोणी मोजत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाच्या टप्प्यांची चित्रे छापलेली आहेत. लसीच्या रकान्यांत तारखा भरलेल्या आणि चित्रांचा भाग कोरा, अशी कार्डे आम्ही कितीतरी पाहिली. दोष सेविकेचा म्हणावा, तर तिच्याकडून जे मागितले जाते तेच ती भरते.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तीन वर्षांखालील मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला. त्यात ३६ महिन्यांच्या कृती महिनावार दिल्या आहेत आणि सेविकेने घरी जाऊन त्या आईला दाखवाव्यात, असे आहे. हे योग्य आहे, आणि ते चालते याला पुरावाही आहे. जमैकातील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ लहानग्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जात, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत, आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा ज्यांच्या घरी हे खेळणे-बोलणे शिकवले गेले नव्हते त्यांच्यापेक्षा या मुलांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरली. हे कोणत्या महागड्या यंत्राने झाले नाही. बाटलीची झाकणे, कापडाच्या बाहुल्या आणि नियमाने येणारी एक बाई, एवढ्यावर झाले.

आम्हां मराठी माणसांस तर यात नवल वाटण्याचे कारणच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम मांडले, ते याच तत्त्वावर: मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, आणि खेळणी शंख-शिंपल्यांची, बियांची, मातीची असावीत. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला आहे. तो शब्द देशभर गेला आणि अंगणात जायचे मात्र मागे पडले.

म्हणून आमचे म्हणणे उरल्याच्या बाबतीत असे आहे. कारखान्यांत पाळणाघर असावे, हे १९४८ च्या कायद्यापासून सांगितले जात आहे. त्या कायद्याने तीसहून अधिक स्त्री-कामगारांची अट घातली, पुढे आलेल्या कायद्यांनी पन्नास कामगारांची. भट्टीवर पुरुष आणि बाहेर ठेकेदाराचे मजूर, अशा हिशेबात पाळणाघर गळून पडणे किती सोपे असते, हे तपासणीचे शेरे लिहिणाऱ्यांस आम्ही सांगावे काय? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास बांधले आहे. तो पैसा भिंती रंगवण्यात आणि वह्या वाटण्याच्या छायाचित्रांत जातो, त्याऐवजी मजुरांच्या खोल्यांतून आठवड्याला एक फेरी करणाऱ्या, छत्तीसगढी आणि ओडिया बोलणाऱ्या दोन-चार स्थानिक बायांच्या पगारात जावा. त्या बाया हिंदीत बोलल्या तर चालेल, असे कोणी म्हणेल. घरच्या भाषेविषयी वर जे लिहिले ते मजुराच्या मुलालाही लागू आहे.

आणि चिरायुची गाडी सकाळी अकराला अंगणवाडीच्या दारात उभी राहते, तेव्हा उरल्यातली आई कामावर असते आणि मूल गल्लीत असते. वर्षातल्या दोन फेऱ्यांपैकी एक तरी पाळी सुटण्याच्या वेळी, खोल्यांच्या रांगेत आणि तीन वर्षांखालच्या मुलांपुरतीच काढावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे अनुदान लागत नाही. एक वेळापत्रक बदलावे लागते, आणि त्यावर सही करणाऱ्या मेजांपैकी एखादे मेज आमच्या वाचकाचे असू शकते.